एका पाण्याचे चार मंत्री

आमच्या शेतात पाणी येतं ते एका मोरीतून. पोटचारी, म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत आणणारा छोटा पाट, गावच्या रस्त्याखालून जाते, तिथे सिमेंटच्या दोन नळ्या टाकलेल्या आहेत. तिथून पन्नास पावलांवर ओढ्यावर सिमेंटचा बंधारा आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी ओढा फुगला, पाण्याने बंधाऱ्याच्या बगलेची माती कापली, रस्त्याचा भराव खाल्ला आणि मोरीची एक नळी खचली. दुसरी गाळाने गच्च भरली. रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची ठरलेली पाळी, सुटलं तेव्हा मोरीच्या वर असलेल्यांची शेतं भिजली. खालच्या अकरा खातेदारांच्या गव्हाचं ऐन कांडीवरचं पाणी हुकलं.

आमची पाणी वापर संस्था आहे. तिचा मी काही वर्षं सचिव आहे, म्हणून अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. चारी सिंचनवाल्यांची, तेव्हा पहिला अर्ज तिकडे. तिथले अभियंते स्वतः आले, टेप लावून मोजलं आणि म्हणाले, नळी रस्त्याच्या अंगात बसते, रस्ता आमचा नाही. रस्ता जिल्हा परिषदेचा, म्हणून दुसरा अर्ज तिकडे. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, भराव बंधाऱ्यामुळे कापला गेलाय, बंधारा दुरुस्त न करता नळी बसवली तर पुढच्या पावसात पुन्हा जाईल. हेही खरंच होतं. बंधारा जलसंधारणाचा. तिसरा अर्ज तिथे. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, नकाशा उघडून दाखवला आणि म्हणाले, बंधाऱ्याचं अंदाजपत्रक करतो, पण नळी आणि भराव आमच्या अंदाजपत्रकात घेता येणार नाही, त्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो.

या तिघांपैकी एकाचंही मी नाव घेणार नाही, कारण तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. कोणी उद्धटपणे बोललं नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. तीन कामं एकत्र धरून 'हे करा' असं सांगणारा माणूस मात्र तालुक्यात नव्हता. जिल्ह्यात शोधला, तिथेही सापडला नाही. मग मी विचारलं की या तिन्ही कचेऱ्यांच्या वर, जिथे या वाटा एकत्र येतात, तिथे कोण बसतं? उत्तर असं की त्या वाटा थेट मंत्रिमंडळाच्या बैठकीत एकत्र येतात. सबंध राज्याच्या मंत्रिमंडळाला आमच्या मोरीचं काम पडावं, ही व्यवस्थाच चुकीची आहे.

२१ डिसेंबर २०२४ च्या रात्री महाराष्ट्राचं खातेवाटप जाहीर झालं. ती यादी मी नंतर वही घेऊन वाचली. पाणी कोणाकोणाकडे गेलं ते लिहीत गेलो. जलसंपदा खातं दोन मंत्र्यांत विभागलं होतं. गोदावरी आणि कृष्णा खोरं राधाकृष्ण विखे पाटलांकडे. विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजनांकडे. मृद व जलसंधारण संजय राठोड यांच्याकडे. पाणीपुरवठा व स्वच्छता गुलाबराव पाटलांकडे. हे चार झाले. शेततळी आणि विहिरी ज्या रोजगार हमीतून होतात ते खातं भरत गोगावले यांच्याकडे, त्यालाच फलोत्पादन आणि खारभूमी जोडलेली. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेचे, म्हणजे ते ग्रामविकासाच्या छत्राखाली. शंभरच्या पुढे सहाशे हेक्टरांपर्यंत जलसंधारण, सहाशेच्या पुढे जलसंपदा. आभाळातून पडलेला पाऊस अडला कुठे आणि किती हेक्टरांवर पसरला यावर त्याचा मंत्री ठरतो.

या व्यक्तींबद्दल माझी तक्रार नाही. त्यातले काही जण पाण्याचा विषय वर्षानुवर्षं जाणतात. तक्रार आहे ती कापाकापीबद्दल.

आमचा नाशिक जिल्हाच घ्या. दक्षिणेकडे गोदावरी, दारणा, कादवा. हे पाणी पुढे जायकवाडीला जातं. उत्तरेकडे कळवण, देवळा, सटाणा, मालेगाव हा गिरणेचा पट्टा. गिरणा तापीला मिळते. पश्चिमेला सुरगाणा, पेठ; तिथल्या नार, पार, दमणगंगा घाट उतरून समुद्राकडे धावतात. एका जिल्ह्यात तीन खोरी. यादीप्रमाणे चांदवडच्या डोंगररांगेच्या एका अंगाचा शेतकरी एका जलसंपदा मंत्र्याचा, दुसऱ्या अंगाचा दुसऱ्याचा. आता सुरगाण्याकडचं पश्चिमेला वाहून जाणारं पाणी पूर्वेकडे वळवायचं, हे स्वप्न आमच्या भागात कित्येक वर्षं जपलेलं आहे. ते गिरणेत आणायचं की गोदावरीत, किती इकडे आणि किती तिकडे, हा खरा वादाचा प्रश्न आहे. गिरणा एका मंत्र्याकडे, गोदावरी दुसऱ्याकडे. दोघांच्या पाठीमागे आपापल्या खोऱ्याचे आमदार. दोन दावेदारांमध्ये मापात न्याय करायला ज्या एका जलसंपदा मंत्र्याने बसायचं, ती खुर्चीच आपण दोन तुकड्यांत कापली आणि दोन्ही दावेदारांना एकेक तुकडा दिला.

पाण्यावर मी जास्त लिहिलं कारण ते मला ठाऊक आहे. पण शेतकऱ्याने त्याच यादीत आणखी खाली पाहावं. कृषी एका मंत्र्याकडे, फलोत्पादन दुसऱ्याकडे, पणन तिसऱ्याकडे. आमच्या शिवारात कांदा आणि द्राक्ष एकाच बांधाच्या दोन बाजूंना असतात, आणि दोन्ही बाजारात जातात. रस्त्यांचंही तसंच. सार्वजनिक बांधकाम खात्याचे 'सार्वजनिक उपक्रम वगळून' आणि 'सार्वजनिक उपक्रम' असे दोन भाग अनेक सरकारांत दोन वेगळ्या मंत्र्यांकडे राहिले आहेत, २०१९ च्या महाविकास आघाडीत होते तसे २०२२ च्या महायुतीतही. सरकारी दवाखान्यांचंही बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातल्या कळव्याच्या रुग्णालयात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात थोड्या तासांत इतके मृत्यू झाले की सबंध राज्य हादरलं. कळव्याचं रुग्णालय महापालिकेचं, म्हणजे नगरविकास. नांदेडचं वैद्यकीय शिक्षण खात्याचं. आणि ज्या खात्याच्या नावात 'सार्वजनिक आरोग्य' आहे, त्याच्याकडे या दोन्हींपैकी एकही नाही. त्या मृत्यूंची कारणं डॉक्टरांनी सांगावीत, मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो की ज्या आईचं लेकरू गेलं तिने 'आरोग्यमंत्री' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं असेल, ते खातं नियमाने तिच्या दवाखान्याचं नव्हतंच.

ही कापाकापी का होते ते कोणापासून लपलेलं नाही. आपली भाषाच सांगते. आपण 'खातेवाटप' म्हणतो. वाटप इस्टेटीचं असतं. आमदाराची मंत्रिमंडळात 'वर्णी लागते'. पराभूत किंवा नाराज नेत्याचं 'पुनर्वसन' होतं, आणि हा तोच शब्द आहे जो आपण धरणात घर-शेत गेलेल्या माणसासाठी वापरतो. खाती 'वजनदार' असतात, 'मलईदार' असतात, 'दुय्यम' असतात. समाजकल्याण, आदिवासी विकास, महिला व बालविकास ही खाती बातम्यांत कधी वजनदार म्हणून आलेली मी वाचली नाहीत. ज्यांचं आयुष्य त्या खात्यांवर उभं आहे ती माणसं राज्यात कोट्यवधी आहेत. हे शब्द आपण इतके वापरले की त्यांतली लाज आपल्याला जाणवेनाशी झाली. सकाळी पारावर पेपर वाचताना आम्हीही 'आपल्या जिल्ह्याच्या पदरात काय पडलं' असंच विचारतो. खातं कोणत्या कामाचं आहे आणि ते काम या माणसाला येतं का, हे विचारत नाही.

क्रम उलटा झालेला आहे. आधी निकाल लागतो. मग पक्षांत ठरतं की कोणाला किती मंत्रिपदं. मग पक्षात ठरतं की कोणत्या नेत्याला, कोणत्या विभागाला, कोणत्या समाजाला किती. मग माणसं ठरतात. आणि सगळ्यात शेवटी, ठरलेल्या माणसांच्या मापाने खाती कापली जातात. घर बांधणारा आधी खोल्या ठरवतो, मग कोण कुठे झोपेल ते बघतो. आपण आधी पाहुणे मोजतो आणि मग भिंती पाडतो.

मंत्र्यांच्या संख्येवर बंधन आहे, हे मला माहीत आहे. ते बंधन कसं आलं तेही आठवावं. १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंग यांच्या सरकारात ९३ मंत्री होते. आपल्याकडेही नव्या शतकाच्या सुरुवातीला आकडा साठीच्या वर गेला होता. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने सभागृहाच्या १० टक्क्यांची मर्यादा सुचवली. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीत ती १५ टक्के झाली. विधानसभा २८८ ची, म्हणून आपल्याकडे मुख्यमंत्र्यांसह ४३. लहान राज्यांसाठी किमान १२ ठेवले, त्यामुळे ४० आमदारांच्या गोव्यात दर दहा आमदारांतले तीन मंत्री होऊ शकतात. ही दुरुस्ती चांगली होती आणि तिने मोठा गैरप्रकार थांबवला, यात शंका नाही. पण तिने डोकी मोजली. खाती किती असावीत, त्यांच्या सीमा कुठे असाव्यात, हे जिथल्या तिथे राहिलं. जे ४३ मध्ये बसले नाहीत त्यांच्यासाठी महामंडळांची अध्यक्षपदं आणि 'मंत्रिपदाचा दर्जा' निघाला, तो वेगळाच विषय.

त्याच दुरुस्तीतल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे मात्र आपण फारसं पाहत नाही. कोणत्याही राज्यात मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या १२ पेक्षा कमी असणार नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. आता महाराष्ट्राची गेल्या दहा-अकरा वर्षांतली सरकारं आठवा. ३१ ऑक्टोबर २०१४ ला शपथ घेतली मुख्यमंत्र्यांसह १० जणांनी, आणि ५ डिसेंबरपर्यंत तेवढेच होते. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर सात जणांनी, आणि पुढचा विस्तार ३० डिसेंबरला. ३० जून २०२२ ला दोघांनी, आणि विस्तार ९ ऑगस्टला. ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर तिघांनी, आणि विस्तार दहा दिवसांनी. भाजपचं सरकार, महाविकास आघाडीचं सरकार, महायुतीचं सरकार, सगळ्यांनी राज्य १२ पेक्षा कमी माणसांवर चालवलं. किती दिवसांत १२ पूर्ण करायचे हे त्या कलमात लिहिलेलं नाही, आणि त्या फटीतून सगळेच पक्ष आरामात निघून गेले.

त्यातले २०२२ चे ४० दिवस माझ्या मनातून जात नाहीत. त्या जुलैमध्ये विदर्भात आणि मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. गडचिरोली, वर्धा, यवतमाळ, नांदेड इथली शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली होती. मुंबईत मंत्रिमंडळ म्हणजे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री. बैठका होत होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेट्रोल-डिझेलवरचा कर त्यांनी कमी केला, शहरांच्या नामांतराचा निर्णय घेतला. पण कृषिमंत्री नव्हता. मदत व पुनर्वसन मंत्री नव्हता. एकाही जिल्ह्याला पालकमंत्री नव्हता. अतिवृष्टीग्रस्तांना ठरलेल्या दराच्या दुप्पट आणि तीन हेक्टरांपर्यंत मदत देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो १० ऑगस्टला, विस्ताराच्या दुसऱ्या दिवशी.

मदत देता आली, मग दोघं काय आणि वीस काय, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती माणसं बसवण्यामागे कारण आहे. कृषिमंत्र्याने म्हणायचं की एवढे पैसे लागतील. अर्थमंत्र्याने म्हणायचं की एवढे नाहीत. जलसंपदावाल्याने सांगायचं की धरणाचे दरवाजे आज उघडले तर खालच्या गावांचं काय होईल. महसूलवाल्याने सांगायचं की तलाठी कमी आहेत, पंचनामे आठ दिवसांत होणार नाहीत. या ओढाताणीतून निघतो तो निर्णय. घटनेने मंत्रिमंडळाला विधानसभेसमोर सामुदायिकरीत्या जबाबदार धरलं आहे. समुदायच नसेल तर त्या शब्दाला अर्थ काय उरतो?

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली-कोल्हापूर बुडालं, त्याच वेळी सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकही बुडत होतं. तिथे येडियुरप्पांनी २६ जुलैला एकट्याने शपथ घेतली होती आणि २० ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळात ते एकटेच होते. तेलंगणात डिसेंबर २०१८ नंतर दोन महिन्यांहून अधिक काळ दोघांचं मंत्रिमंडळ होतं. मध्य प्रदेशात कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा जवळपास महिनाभर मुख्यमंत्र्यांशिवाय एकही मंत्री, म्हणजे आरोग्यमंत्रीसुद्धा नव्हता. जिथे सत्ता स्थापण्याची घाई असते आणि वाटणी पुरी झालेली नसते, तिथे हेच होतं.

२०२४ मध्ये तर पाशवी म्हणावं असं बहुमत होतं. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन. ते अधिवेशन २१ डिसेंबरला संपलं आणि खाती जाहीर झाली त्याच रात्री. म्हणजे सबंध अधिवेशन ३९ नवे मंत्री खात्याविना बाकांवर बसले होते. विदर्भाच्या प्रश्नांसाठी नागपूरला अधिवेशन घ्यायचं ही परंपरा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. कापूस, सोयाबीन, संत्रा यांच्यावर तिथे विचारायचं कोणाला? ते अधिवेशन हिशेबात धरायचं की नाही, हे विदर्भातल्या वाचकांनीच ठरवावं.

पालकमंत्र्यांची यादी आली ती १८ जानेवारी २०२५ ला, निकालानंतर ५६ दिवसांनी. दुसऱ्याच दिवशी त्यातल्या रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातून चार मंत्री होते: दादा भुसे, माणिकराव कोकाटे, नरहरी झिरवाळ आणि नव्याने आलेले छगन भुजबळ. चार मंत्र्यांचा जिल्हा, २०२७ चा कुंभमेळा तोंडावर, आणि पालकमंत्रिपद महिनोन्महिने रिकामं. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन कोण करणार, याच्या बातम्या आम्ही वाचत राहिलो.

आणि हे पद मुळात आहे काय? घटनेत पालकमंत्री नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती सांगितली, तिचे पाच भागांतले चार भाग सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत असं सांगितलं. आपण १९९८ साली त्याचा कायदा केला आणि समितीच्या डोक्यावर मंत्री बसवला. नाशिकच्या महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. निवडून आलेले सदस्य नाहीत, पालकमंत्री नाही. बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा पैसा ज्या समितीतून यायचा, तिच्यात मतदाराने पाठवलेलं कोण उरलं होतं, हे मी मोरीजवळ उभा राहून स्वतःला विचारलं आहे.

या सगळ्याला एक उत्तर दिलं जातं आणि ते हलकं नाही. आघाड्यांचं राजकारण आहे, तीन तीन पक्ष आहेत, प्रत्येक विभागाला आणि समाजाला वाटा द्यावाच लागतो, नाहीतर अन्याय होतो. विदर्भ आणि मराठवाडा यांनी अनुशेषाची लढाई दशकानुदशकं लढली ती उगाच नाही. मुंबईतल्या बैठकीत आपलं माणूस नसलं की आपल्या कालव्याची ओळ अंदाजपत्रकातून कशी गळते ते त्यांनी पाहिलेलं आहे. प्रतिनिधित्व मलाही हवं आहे. किंबहुना त्याचाच आग्रह मला पुरेसा दिसत नाही. ९ ऑगस्ट २०२२ ला १८ मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यात एकही स्त्री नव्हती आणि महिला व बालविकास खातंही पुरुषाकडे गेलं. जुलै २०२३ मध्ये आदिती तटकरे आल्या तेव्हा सबंध मंत्रिमंडळात त्या एकट्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये चार झाल्या. इतका बारीक हिशेब करून वाटे पाडणाऱ्यांना निम्मी लोकसंख्या दिसली नाही, तर तो हिशेब प्रतिनिधित्वाचा होता हे मी कसं मानू?

आणि वाटा द्यायला खातं कापावंच लागतं, हे मला पटत नाही. मराठवाड्याच्या माणसाला अखंड जलसंपदा द्या. कोकणच्या माणसाला अखंड कृषी द्या, फलोत्पादन आणि पणनासकट; आंबा, कांदा, कापूस सगळं त्याने सांभाळावं. प्रदेशाचा माणूस मंत्रिमंडळात असणं वेगळं आणि प्रदेशाचा तुकडा त्याच्या नावावर करून देणं वेगळं. पहिल्याने तो सबंध राज्याचा मंत्री होतो. दुसऱ्याने तो आपल्या खोऱ्याचा पाटील होतो, आणि पलीकडच्या खोऱ्यातला शेतकरी त्याला परका होतो. जायकवाडीला वरून पाणी सोडायचं की नाही यावरून आम्ही नाशिक-नगरवाले आणि मराठवाडावाले दर दुष्काळी वर्षी कोर्टात भेटतो. आमच्या दोघांचं ऐकून घेणारा, दोघांना नकोसा वाटला तरी चालेल असा एकच मंत्री आम्हाला हवा आहे.

कामं वाढलीत म्हणून मंत्री जास्त हवेत, असंही म्हणतात. त्यासाठी राज्यमंत्रिपद आहे. पण आपल्या राज्यमंत्र्यांची वर्षानुवर्षांची तक्रार हीच की कॅबिनेट मंत्री फायलीच पाठवत नाहीत, अधिकार लिहून देत नाहीत. पक्ष कुठलाही असो, ही तक्रार तीच असते. एका अखंड पाणी खात्याचा एक कॅबिनेट मंत्री आणि त्याच्या हाताखाली तीन राज्यमंत्री, प्रत्येकाचे अधिकार शपथेच्या दिवशीच लेखी दिलेले, हे आजच्या घटनेत आजच करता येतं. नव्या कायद्याची गरज नाही. खात्यांची यादी शासनाच्या कार्यनियमावलीत असते, आणि ती सरकारच राज्यपालांच्या सहीने बदलतं.

माझं मागणं त्या यादीबद्दलच आहे. खाती किती आणि कोणती हे विधानसभेने एकदा नीट चर्चा करून ठरवावं, पाणी एकत्र, शेती एकत्र, आरोग्य एकत्र, आणि ती रचना निवडणुकीच्या आधी लोकांसमोर असावी. निकालानंतर तिला हात लावायचा असेल तर सभागृहात कारण सांगून लावावा, रात्रीच्या पत्रकाने नव्हे. शपथ आणि खातं एकाच दिवशी मिळावं. १२ मंत्र्यांची अट पहिल्या दिवसापासून पाळण्याचा आग्रह आता राज्यपालांनी धरावा. मोजणीनंतर बारा नावांवर एकमत होत नसेल तर शपथविधी दोन दिवस पुढे जाऊ द्या. आणि जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद जिल्ह्याने निवडून दिलेल्या जिल्हा परिषद अध्यक्षाकडे द्यावं. मुंबईहून पालक येईपर्यंत जिल्ह्याने थांबून राहू नये.

यातलं कुठलंही काम पक्षाला गैरसोयीचं आहे, मतदाराला नाही. म्हणून ते आपोआप होणार नाही. पुढच्या निवडणुकीत गावात उमेदवार येतील तेव्हा आम्ही 'आमच्या जिल्ह्याला किती मंत्रिपदं' हे विचारणं बंद करायला हवं. मी माझ्या संस्थेच्या वार्षिक सभेत हे मांडलं. एकाने विचारलं, मग विचारायचं काय? मी म्हणालो, विचारा, तुमच्या सरकारात आपल्या मोरीचा मंत्री कोण असेल, त्याचं एकच नाव सांगा.

बंधाऱ्याच्या बगलेला आम्ही वर्गणी काढून मुरमाची शंभर पोती रचली आहेत. नळीतला गाळ दोघांनी आत सरपटत जाऊन फावड्याने काढला. खचलेली नळी तशीच आहे. तिच्यासाठी केलेल्या अर्जांच्या तीन पोचपावत्या संस्थेच्या दप्तरात एका टाचणीला लावून ठेवल्या आहेत, तिन्हींवर वेगवेगळे आवक क्रमांक आहेत, आणि रब्बीचं आवर्तन पुन्हा जवळ आलं आहे.